सुटता सुटेना

"तू कुठला रे?"
"उंद्रीचा."
"अरे, मग आपण शेजारीच! कुठली सोसायटी?"

पुण्यात नोकरीला लागल्यापासून हा संवाद माझ्या वाट्याला किती वेळा आलाय, हे मोजणं मी सोडून दिलंय. पुण्याला एक उंद्री आहे. एनआयबीएमच्या पुढची, टॉवर्सची, इंटरनॅशनल स्कूल्सची आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकची. माझी उंद्री दुसरी. बुलडाणा जिल्ह्यातली, चिखली तालुक्यातली, चिखली-खामगाव रस्त्यावरची. तिला उदयनगर असंही म्हणतात. तिथे सोयाबीन आहे, कापूस आहे, तूर आहे. ट्रॅफिक जॅम झालाच तर पोळ्याला होतो.

गंमत म्हणजे सध्या मी भाड्यानं राहतो तोही पुण्याच्या उंद्रीतच. नवव्या मजल्यावर. "उंद्रीतून निघाला अन् उंद्रीतच पोचला, मधात फक्त एक रात्रीची बस," असं माझे बाबा सगळ्यांना सांगतात आणि स्वतःच हसतात.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. गावात त्यांची ओळख दोन गोष्टींसाठी आहे. एक, पाढे पाठ नसलेल्या पोरांच्या कानाला त्यांचा हात फार लवकर पोचायचा. दोन, पोस्टाची तिकिटं. शाळेत, बँकेत, ग्रामपंचायतीत कुठेही पाकीट फोडलं गेलं की त्यावरचा तिकिटाचा कोपरा कापून बाबांसाठी ठेवला जायचा. उजवीकडचा, वरचा कोपरा. आमच्या घरी येणाऱ्या माणसाच्या खिशात हमखास असे दोन-चार कोपरे असायचे.

आणि मग रविवार. आईची कणकेची परात त्या दिवशी बाबांच्या ताब्यात जायची. कोमट पाणी. त्यात कागदासकट तिकिटं सोडायची, चित्राची बाजू वर. "पाण्यात टाक अन् इसर. ते आपोआप सुटते," हा बाबांचा मंत्र. खरंच सुटायची. वीस-पंचवीस मिनिटांत डिंक विरघळायचा, कागद खाली बसायचा आणि तिकीट अलगद तरंगायला लागायचं. बाबा ते चिमट्यानं उचलून जुन्या धोतराच्या फडक्यावर पालथं ठेवायचे. वाळलं की शब्दकोशात दाबायचं, मग अल्बम. आई मात्र ती परात तीनदा घासल्याशिवाय कणीक मळायची नाही.

सगळं छान चाललं होतं. मग २००९ मध्ये ताई लग्न होऊन न्यू जर्सीला गेली.

ताईनं एक गोष्ट ठरवून केली. फोन होता, स्काइप होतं, नंतर व्हॉट्सअॅप आलं, तरी ती वर्षातून चार-पाच पत्रं टपालानं पाठवायची. मजकूर चार ओळींचा, "बाकी फोनवर बोलूच" या छापाचा. पत्र पाठवायचं ते बाबांना तिकीट मिळावं म्हणून. पण घोळ असा झाला, की ती तिकिटं सुटेनातच! बाबांनी वीस मिनिटं ठेवली, तासभर ठेवली, रात्रभर ठेवली. सकाळी कागदाचा लगदा झालेला आणि तिकीट आहे तिथेच, जळूसारखं. ओढलं तर फाटायचं. फाटलं नाही तरी मागचा चिकटा तसाच राहायचा आणि अल्बमचं शेजारचं तिकीटही सोबत घेऊन यायचा. त्यातून ताईची पाकिटं ग्रीटिंग कार्डांची, जाडजूड. तीन-चार प्रयत्नांनंतर बाबांनी ती पाकिटं बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात टाकायला सुरुवात केली. "मंग पाहू," म्हणाले. त्यांना वाटत होतं, आपला हात चुकतोय. वय झालं.

चूक हाताची नव्हती. चूक परातीचीही नव्हती. पण ते मला खूप नंतर कळलं, आणि कळायच्या आधी मी एक उद्योग करून ठेवला.

त्याचं असं झालं. २०१६ च्या ५ ऑक्टोबरला अमेरिकेच्या टपाल खात्यानं दिवाळीचं तिकीट काढलं. सोनेरी पार्श्वभूमीवर पेटलेली पणती. तिथल्या भारतीयांनी त्यासाठी कित्येक वर्षं मागणी लावून धरली होती. ताईनं लगेच दिवाळीचं कार्ड पाठवलं, जाड क्रीम रंगाच्या पाकिटात, आणि त्यावर ओळीनं तीन पणत्या लावल्या. एक तिकीट तेव्हा ४७ सेंटचं. परदेशच्या साध्या पत्राला लागायचे १ डॉलर १५ सेंट. बाबांनी ताबडतोब हिशेब केला, "२६ सेंट जास्तीचे लावले पोरीनं!"

पण त्या पाकिटाची खरी गंमत तिकिटांत नव्हतीच. पत्ता आईच्या नावानं होता. 'सौ.' लावून, पूर्ण नाव, मराठीत, निळ्या जेलपेननं, ताईच्या गोल गोल अक्षरात. घरी येणारं प्रत्येक पत्र, बिल, नोटीस, लग्नपत्रिका बाबांच्या नावानं यायची. आईच्या नावानं टपाल येण्याची ही पहिली वेळ. भाऊबीज उलटून गेल्यावर पोस्टमन आला आणि त्यानं दारातून आईच्या नावाचा पुकारा केला, तेव्हा आईनं आधी पदर सारखा केला आणि मगच पुढे होऊन पाकीट घेतलं. अमेरिकेच्या तिकिटावर आपली पणती, म्हणून ते गल्लीभर फिरवून आणलं. बाबा परात घेऊन तयारच होते. आईनं एका वाक्यात विषय संपवला.

"माह्या नावाचं हाये. भिजवायचं नाही."

आणि ते पाकीट तिच्या कपाटात, लग्नातल्या शालूखाली गेलं.

२०२१ च्या उन्हाळ्यात आई गेली.

२०२४ च्या दिवाळीत मी घरी होतो. बाबांची पंचाहत्तरी जवळ आली होती. मला आयडिया सुचली, की त्या तीन पणत्या काढायच्या, मस्त फ्रेम करायची आणि बाबांना सरप्राइज द्यायचं. तुम्हाला माहितीय ना, आपल्यासारख्या लोकांचा एक प्रॉब्लेम असतो. पाच दिवसांची सुट्टी असली की गावातले सगळे प्रश्न आपण पाच दिवसांत सोडवणार, असं आपल्याला वाटतं. बाबा बाहेर गेलेले. मी परातीत चांगलं कढत पाणी ओतलं. तिन्ही तिकिटं एका ओळीत आहेत, कापाकापी कशाला, म्हणून अख्खं पाकीट आत सोडलं. आणि फोनवर ऑफिसचा एक मेल आला म्हणून तो वाचत बसलो.

मान वर केली तर पाणी निळं होत होतं.

मी पाकीट घाईनं बाहेर ओढलं. मग घाईतच एका पणतीचा कोपरा नखानं उचकटला. तिकिटाचा वरचा पापुद्रा सुटला, खालचा तिथेच राहिला. पणतीची ज्योत अर्धी झाली. पत्त्याचा खालचा भाग, गाव, जिल्हा, पिन, वाचता येत होता. वरची ओळ म्हणजे नुसता निळा ढग.

बाबा परत आले तेव्हा मी तसाच उभा. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी काही न बोलता दोन्ही हातांनी पाकीट उचललं, धोतराच्या फडक्यावर अंथरलं, वरून दुसरं फडकं टाकलं आणि हलक्या हातानं टिपलं. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "तिकिटं काय, पैसे देले तं भेटतीन. तिच्या नावाचं पत्र एकदाच आलं होतं."

ताईला फोन केला. "जाऊ दे रे, मी दुसरं लिहीन," असं बोलून गेली आणि मग आम्ही दोघंही गप्प झालो. दुसरं लिहिणार कुणाला?

पुण्याला परतलो ते डोक्यात एकच विषय घेऊन. एका तिकीट प्रदर्शनात एक वयस्कर काका भेटले. पन्नास वर्षं तिकिटं जमवणारे. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला आणि शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

त्यांच्याकडून आणि नंतर वाचून जे समजलं ते असं. आपल्या तिकिटांच्या मागे डिंक असतो. पाणी लावलं की चिकटतो, पाण्यात सोडलं की सुटतो. एकदम सभ्य. स्टिकरवालं तिकीट ही वेगळी जात. १९६४ मध्ये सिएरा लिओन या आफ्रिकी देशानं देशाच्या नकाशाच्या आकाराचं असं तिकीट काढलं. दमट हवेत डिंकाची तिकिटं एकमेकांना चिकटून बसायची, त्यावरचा हा उपाय. अमेरिकेनं १९७४ मध्ये नाताळच्या एका तिकिटावर प्रयोग केला, तो फसला. गोंद कागदातून वर आला आणि तिकिटांवर डाग पडले. १९८९ मध्ये पुन्हा सुरुवात झाली आणि २००२ पर्यंत तिथली जवळपास सगळी नवी तिकिटं स्टिकरची झाली. जीभ लावायला नको, पाणी नको. सोललं की लावलं. आपल्यासारख्या घाईतल्या लोकांसाठी एकदम कूल.

सुरुवातीच्या अशा तिकिटांमध्ये कागद आणि गोंद यांच्यामध्ये पाण्यात विरघळणारा एक पातळ थर असायचा. त्यामुळे परातीत ठेवली की उशिरा का होईना, सुटायची. साधारण २००४ नंतर अमेरिकेनं तो थर देणं बंद केलं. ताई गेली २००९ मध्ये. म्हणजे तिनं पाठवलेलं एकही तिकीट पाण्यानं सुटणारं नव्हतं! टपाल खात्याची यात काही तक्रार असायचं कारणच नाही. वापरलेलं तिकीट काढून कुणी पुन्हा लावलं तर नुकसान त्यांचंच. ब्रिटननं तर २००९ पासून आपल्या नेहमीच्या तिकिटांना मुद्दाम चिरा पाडल्या, म्हणजे ओढलं की फाटलंच पाहिजे. तिकीट सुटू नये म्हणून एक अख्खं खातं कामाला लागलेलं, आणि ते सुटावं म्हणून उंद्रीत एक मास्तर परात घेऊन बसलेला. सामना अगदीच विषम.

"पाण्यानं नाही तर कशानं?" मी विचारलं.

काका हसले. "तुम्ही विदर्भातले ना? संत्र्यानं."

लहानपणी तुम्हीही केलं असेल. संत्र्याची साल चिमटीत दाबून समोरच्याच्या डोळ्यात उडवायची. डोळ्याची आग करणारं जे तेल उडतं, त्यात लिमोनिन नावाचा पदार्थ असतो. फुगवलेल्या फुग्यावर साल पिळली तर फुगा फुटतो, तो यामुळेच. रबरासारख्या चिकट गोंदाला हे तेल मऊ करतं. सालीतून निघतं तेवढ्यानं भागत नाही. पाणी न मिसळलेलं, संत्र्याच्या तेलाचं स्टिकर रिमूव्हर लागतं. आम्ही अंगणात एकमेकांच्या डोळ्यात उडवून वाया घालवलेली गोष्ट बाबांना इतकी वर्षं हवी होती, हे कळल्यावर मला हसावं की काय करावं, सुचेना.

मग सुरू झाले माझे वीकएंड. ताईला सांगून मैत्रिणींकडची रिकामी पाकिटं गोळा करायला लावली. तिनं गठ्ठाच पाठवला. पहिली दहा-बारा तिकिटं मी बिनदिक्कत वाया घालवली. पातळ पाकीट असेल तर काम सोपं. कागदाच्या मागून तेल लावायचं, मिनिटभरात कागद पारदर्शक दिसायला लागतो. तिकीट पालथं ठेवायचं आणि कोपऱ्यापासून कागद हळूहळू मागे दुमडत सोलायचा. इथेच सगळी मेख आहे. तिकीट कागदावरून काढायचं नसतं, कागद तिकिटावरून काढायचा असतो. तिकीट वाकलं की त्याला सुरकुती पडते आणि ती जन्मात जात नाही. कागद वाकला तर आपलं काय जातं?

जाड कागदाचं मात्र तसं नाही. तेल मागून आत पोचतच नाही. वरून ओतलं तर छपाई धोक्यात. काकांनी सांगितलेली युक्ती अशी, की जाड कागद म्हणजे एकावर एक बसवलेले पातळ थर. तिकिटाभोवती सेंटिमीटरभर जागा सोडून तुकडा कापायचा. मग मागच्या बाजूनं एका कोपऱ्यात बोथट सुरी घालून एकेक थर कोरडाच सोलत जायचं. एकदम सगळं नाही. एक थर, थांबायचं. दुसरा थर, थांबायचं. शेवटी तिकिटामागे पातळ पापुद्रा उरला की मग तेल. तिकीट सुटल्यावर मागचा चिकटा टिपून घ्यायचा आणि उरलेल्यावर टाल्कम पावडर बोटानं पसरायची, म्हणजे ते अल्बमला धरत नाही. नंतर दोन दिवस वजनाखाली. खिडकी उघडी हवी, आणि जवळ गॅस, उदबत्ती, देवापुढचा दिवा काहीही नको. हे तेल पेट घेतं. आणि आधी नेहमी एखादं साधं, वाया गेलं तरी चालेल असं तिकीट करून बघायचं.

एका तिकिटाला पाऊण तास. आठवडाभर दर पंधरा मिनिटांनी मेल चेक करणारा मी, शनिवारी सकाळी पाऊण तास एका नखाएवढ्या कागदाशी बोलत बसायचो. रूममेटला वाटलं, ब्रेकअप झालं.

२०२५ ची दिवाळी. बॅगेत तेलाची बाटली, नवा चिमटा, पावडरचा डबा. उंद्रीहून उंद्रीला. बाबा थोडे उदासच होते. त्या वर्षी रजिस्टर्ड टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं होतं. "आता पाकिटावर तिकीट लावते कोन?" त्यांचा सवाल. गावातून येणारे कोपरे तर केव्हाच आटले होते. उरला होता तो बिस्किटांचा डबा.

मी डबा पुढ्यात घेतला आणि एक पाकीट करून दाखवलं. बाबांनी चष्मा वर सरकवून एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा त्यांनी बोथट सुरी माझ्या हातातून काढून घेतली. त्यांचा हात आताशा थोडा थरथरतो. पण एक थर, थांबायचं, एक थर, थांबायचं हे त्यांना शिकवावं लागलंच नाही. मीच मध्ये मध्ये "आता ओढा" म्हणत होतो. "काहून घाई करतं? बस चालली काय तुही?" असं म्हणून त्यांनी मला गप्प केलं. दिवाळीच्या चार दिवसांत आम्ही डब्यातली एकोणीस तिकिटं सोडवली. त्यात गोल आकाराचं एक होतं, परदेशी पत्रांसाठी अमेरिकेनं २०१३ मध्ये पहिल्यांदा काढलेलं, पृथ्वीचं. ते अखंड निघालं तेव्हा बाबांनी शेजाऱ्यांना हाक मारली. आणि मला म्हणाले, "मंजे माहा हात चुकत नव्हता तं."

पाडव्याच्या संध्याकाळी मी कपाटातून आईचं पाकीट काढलं. दोन पणत्या अजून शाबूत होत्या. आता मला जमत होतं. देऊ का काढून, विचारावं, म्हणून कागदाचे थर बघायला मी मोबाइलचा टॉर्च पाकिटावर आडवा धरला.

आणि निळ्या ढगात अक्षरं दिसली.

शाई पाण्यात गेली होती. पण कागद जाड होता, आणि ताई पेन दाबून लिहिते. तिच्या पेनच्या खाचा कागदात तशाच होत्या. समोरून पाहिलं तर काही नाही. उजेड आडवा पडला की 'सौ.' आणि त्यापुढे आईचं पूर्ण नाव. मी बाबांना बोलावलं. त्यांनी टॉर्च आपल्या हातात घेतला, कमी-जास्त तिरपा केला, आणि शाळेत हजेरी घेताना घ्यायचे तसं ते नाव मोठ्यांदा वाचलं.

तिकिटं काढायचा विषय मग निघालाच नाही. काकांनी मला सांगितलेलं आठवलं, की स्टिकरच्या जमान्यात पुष्कळ संग्राहक तिकीट सोडवायच्या भानगडीत पडत नाहीत. भोवतीचा कागद ठेवून कापतात, किंवा पाकीट अख्खंच जपतात. शिक्का, तारीख, पत्ता, तिकीट, सगळं मिळून एक गोष्ट असते. ज्या एकोणीस तिकिटांमागे फक्त "बाकी फोनवर बोलूच" होतं, ती सोडवली. हे पाकीट तसंच राहिलं. फाटलेल्या ज्योतीसकट.

बाबांनी अल्बमचं एक पूर्ण पान रिकामं केलं, फोटो चिकटवायचे कागदी कोपरे लावून त्यात पाकीट बसवलं. वहीत त्यांची नोंद असते, देश, साल, किंमत, कुणाकडून मिळालं. त्यांनी लिहिलं: अमेरिका, २०१६, ४७ सेंट गुणिले ३. 'कुणाकडून' या रकान्यात आईचं नाव.

निघायच्या रात्री बस स्टँडवर सोडायला आले. बस लागली, मी चढलो, तेवढ्यात खिडकीवर टकटक केली. मला वाटलं, पोचलास की फोन कर, असं काहीतरी म्हणतील.

"ताईले सांग," ते म्हणाले, "पाकीट जाडच पाठवत जाय. पण नाव बॉलपेननं लिहत जाय."